अनुभव धागा: गाडी गॅरेजात असताना ठोकली, तर भरायचं कोणी?

धागाकर्ता, मानपाडा

आमच्या सोसायटीत सध्या यावरून जुंपली आहे. एक गट म्हणतो, विमा गाडीचा असतो, मग गाडी कुठेही असो. दुसरा म्हणतो, गाडी ज्याच्या ताब्यात, भुर्दंड त्याचा. दोघांचंही थोडं थोडं बरोबर आहे, म्हणून तर वाद मिटत नाही. ठाणे-नवी मुंबईकरांनी आपापले अनुभव लिहा. गॅरेजचं नाव नको. कागद काय होते आणि पैसे शेवटी कोणाच्या खिशातून गेले, ते हवं.

सुरुवात मी करतो. वागळे इस्टेटमधल्या एका वर्कशॉपात गाडी सर्व्हिसिंगला दिली होती. वॉशिंगहून रिव्हर्स घेताना त्यांच्या पोराने मागचा बंपर खांबाला लावला. अ‍ॅडव्हायझर गोड बोलला, "सर, तुमच्या पॉलिसीत टाकून देतो, फाइल चार्ज आमच्याकडून. तुम्हाला एक रुपया लागणार नाही." फाइल चार्ज म्हणजे ते सक्तीचे हजार रुपये, जे १५०० सीसीपर्यंतच्या गाडीच्या प्रत्येक क्लेममध्ये मालकाच्या वाट्याला येतात. पण खरा फटका नूतनीकरणाच्या वेळी बसतो. माझा नो क्लेम बोनस (एनसीबी, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) ५० टक्क्यांवर होता. एक क्लेम झाला की तो शून्य, मग दर वर्षाला २०, २५, ३५, ४५ करत पुन्हा ५०. ओन डॅमेजचा, म्हणजे आपल्याच गाडीच्या नुकसानीच्या भागाचा, मूळ हप्ता १४,००० धरला, तर पहिल्या वर्षी ७,००० जास्त, पुढे ४,२००, ३,५००, २,१०० आणि ७००. बेरीज साडेसतरा हजार! बंपरचं काम त्याच्या निम्म्यातही नव्हतं. ही बेरीज जॉब कार्डाच्या (गाडी देताना भरतात त्या कागदाच्या) पाठीवर मांडून मॅनेजरपुढे सरकवली. त्याने आत जाऊन कोणाला तरी फोन लावला आणि काम त्यांच्या खर्चात झालं. (एनसीबी प्रोटेक्ट, म्हणजे क्लेमनंतरही बोनस राखणारं जादा कव्हर, घेतलेलं असेल तर हिशोब बदलेल, हे मान्य.)

सानपाड्याची

आमचं प्रकरण बंपरवर थांबलं नाही. ब्रेकच्या कामाला गाडी तुर्भ्याला दिली होती. मेकॅनिक ट्रायलला ठाणे-बेलापूर रोडवर घेऊन गेला आणि रिक्षाला धडकला. फोन आला तो मला. आरसीवर नाव माझं, त्यामुळे पोलीसही मलाच विचारणार. रिक्षावाल्या काकांच्या हाताला मार लागला होता. आपण गाडीत नसलो तरी थर्ड पार्टीचा, म्हणजे ज्याला धडक बसली त्याचा, दावा आपल्या विमा कंपनीकडेच जातो, हे तेव्हा कळलं.

सर्व्हेअरने (विमा कंपनीतर्फे नुकसान तपासणाऱ्याने) पहिला कागद मागितला तो मेकॅनिकच्या लायसन्सचा. निघालं दुचाकीचं! पॉलिसीत चालकाची अट स्पष्ट असते. गाडी कोणीही चालवू शकतं, पण त्या वर्गाचा वैध परवाना हवा. आमच्या गाडीच्या नुकसानीचा क्लेम तिथेच बुडाला. पत्रात आणखी एक कारण होतं, 'मोटार ट्रेडशी (गाड्यांच्या विक्री-दुरुस्तीच्या धंद्याशी) संबंधित वापर वगळलेला आहे'. वकील म्हणाले, दुरुस्तीला दिलेल्या गाडीला ते कलम लावणं वादाचं आहे, तो मुद्दा लढता येईल, पण परवान्यापुढे आपलं काही चालणार नाही. मग नोटीस गॅरेजला गेली. बिनपरवान्याच्या माणसाच्या हाती किल्ली दिली, यापेक्षा मोठा निष्काळजीपणा काय दाखवायचा? गॅरेजमालकाने रिक्षावाल्या काकांचा दवाखाना बघितला आणि आमची गाडीही हप्त्याहप्त्याने करून दिली. काकांनी दावा लावला नाही म्हणून निभावलं. लावला असता तर कंपनी त्यांना आधी भरपाई देऊन नंतर ती माझ्याकडून वसूल करू बघणार, हे वकिलांनी सांगितलं त्या रात्री झोप लागली नव्हती.

एमएच-०४

माझं किरकोळ. डेंटिंगला दिलेल्या गाडीतली स्टेपनी गेली. 'गाडी मालकाच्या जबाबदारीवर उभी आहे' अशी पाटी दाखवली. सोडून दिलं.

गॅरेजवाला, कळवा

सगळे एकाच बाजूने लिहितायत म्हणून मी दुसरी सांगतो. माझ्या शेडमधल्या गाड्यांसाठी मी मोटार ट्रेडची इंटर्नल रिस्क पॉलिसी घेतो. जॅकवरून गाडी घसरली, आवारात हलवताना घासली, तर ती कामाला येते. रस्त्यावरच्या ट्रायलसाठी रोड रिस्क वेगळी. आमच्या लाइनीतले बरेच जण दोन्ही घेत नाहीत, हेही खरं. गाडी देण्याआधी विचारा, पॉलिसी दाखवा म्हणा. ज्याच्याकडे आहे तो रागावणार नाही.

पण गिऱ्हाइकांनीही ऐकावं. काम झाल्याचा फोन केल्यावर लोक गाडी न्यायला महिना महिना येत नाहीत. बिल थकलं तर करार कायद्याच्या कलम १७० प्रमाणे पैसे मिळेपर्यंत मी गाडी अडवून ठेवू शकतो, पण मला ती नको असते हो, जागा कुठे आहे? तेवढ्यात उंदराने वायरिंग कुरतडलं की आळ माझ्यावर. तो उंदीर कधी कधी तुमच्याच सोसायटीच्या पार्किंगमधून बॉनेटखाली बसून आलेला असतो.

वहिनी, कोपरखैरणे

आमच्या सासऱ्यांची गाडी पावसाळ्यात एका वर्कशॉपच्या तळघरात होती. रात्री पाणी शिरलं, सीटपर्यंत चढलं. पूर हा साध्या पॅकेज पॉलिसीतही (थर्ड पार्टी आणि ओन डॅमेज एकत्र असते तिच्यात) येतो, त्यामुळे मॅट, सीट, वायरिंग याला कंपनीने नाही म्हटलं नाही. अडलं इंजिनवर. सकाळी त्यांच्या माणसाने, गाडी बाहेर काढायची म्हणून, चक्क स्टार्टर मारला. पाणी ओढलं गेलं आणि कनेक्टिंग रॉड वाकला. सर्व्हेअरचं म्हणणं, इंजिनचं नुकसान पुराने नाही, पुरानंतर चालू केल्याने झालं, आणि इंजिन प्रोटेक्ट (इंजिनसाठीचं जादा कव्हर) घेतलेलं नाही.

वर्कशॉपवाले म्हणाले, अस्मानी संकट आहे, २६ जुलैला काय कोणी अडवू शकलं होतं? पाणी नसेल अडवता येत, स्टार्टर तर न मारता येतो ना! शिवाय हवामान खात्याचा इशारा आदल्या दिवशी आला होता. त्यांनी शोरूमच्या नव्या गाड्या वर घेतल्या आणि दुरुस्तीच्या खाली ठेवल्या, हे सासऱ्यांनी तिथल्याच एका पोराकडून काढून घेतलं. (ते रेल्वेतून निवृत्त. चौकशी हा त्यांचा छंद आहे.) आम्ही तक्रारीत नेमकं तेच लिहिलं. स्वतःच्या वस्तूची घेतली तेवढी काळजी आमच्या वस्तूची घेतली नाही. सर्व्हेअरचा अहवाल, ज्यात इंजिन कशाने गेलं ते स्वच्छ लिहिलं होतं, तो आमच्याविरुद्ध वाटत होता. वर्कशॉपविरुद्ध तोच सगळ्यात उपयोगी पडला. ठाणे जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल झाल्यावर त्यांनी तडजोडीला बोलावलं. इंजिनचा खर्च त्यांनी दिला, दरम्यानच्या टॅक्सीचा नाही.

निवृत्त, नौपाडा

एमएच-०४, पाटी बघून सोडायला नको होतं. करार कायदा १८७२ चा आहे, पण अजून दात आहेत त्याला. दुरुस्तीला दिलेली गाडी म्हणजे निक्षेप, परत घेण्याच्या बोलीवर दुसऱ्याच्या ताब्यात दिलेली वस्तू. कलम १५१ म्हणतं, शहाणा माणूस स्वतःच्या मालाची घेईल तेवढी काळजी ताबा घेणाऱ्याने घ्यायची. दिल्लीच्या ताज महाल हॉटेलात १९९८ साली व्हॅलेकडे (गाडी पार्क करणाऱ्या हॉटेलच्या माणसाकडे) दिलेली मारुती झेन चोरीला गेली. तिथेही 'ओनर्स रिस्क'चं टोकन होतं. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये सांगितलं की, एकदा ताबा घेतल्यावर असल्या ओळीच्या आडून स्वतःचा निष्काळजीपणा झाकता येणार नाही, आणि काळजी घेतली हे हॉटेलनेच सिद्ध करायचं. गाडीमालकाला विमा कंपनीने आधीच पैसे दिले होते. हॉटेलमागे लागली होती ती कंपनी.

ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत जावं लागतं. व्यवहार पाच लाखांपर्यंतचा असेल तर फी नाही. तक्रार विमा कंपनीविरुद्ध असेल तर विमा लोकपालांचं कार्यालय आता ठाण्यातही आहे. फक्त आधी कंपनीकडे लेखी तक्रार करून महिनाभर वाट बघावी लागते. गॅरेजविरुद्ध तिथे जाऊन उपयोग नाही.

महापे

धागाकर्त्यांशी थोडी असहमती. बंपरला ठीक आहे, पण माझी गाडी गॅरेजला लागलेल्या आगीत पूर्ण जळाली. मालक स्वतःच रस्त्यावर आलेला, त्याच्याकडून काय वसूल करणार? मी सरळ स्वतःच्या पॉलिसीत क्लेम केला, आयडीव्ही (पॉलिसीत ठरलेली गाडीची किंमत) मिळाली, बोनस गेला तर गेला. कंपनीने एका पत्रावर सही घेतली. गॅरेजकडून वसुलीचा माझा हक्क त्यांच्याकडे. आता कंपनी आणि गॅरेज बघून घेतील. एक सांभाळा, त्याआधी गॅरेजवाल्याला 'माझं काही येणं नाही' असं लिहून देऊ नका. दया येते, चहा पाजतो, कागद पुढे करतो. आपण हक्क सोडला की कंपनीचाही जातो, आणि मग ती आपला क्लेम अडवते.

ऐरोलीकर

माझी गाडी आत्ता गॅरेजातच आहे. डाव्या दारावर लांब ओरखडा दिसतोय, ते म्हणतात आधीचाच. काय करू?

गॅरेजवाला, कळवा

गाडी देताना जॉब कार्डावर गाडीचं चित्र असतं, त्यावर ओरखड्यांच्या खुणा करतात. डावं दार कोरं असेल तर आत्ताच फोटो काढून पाठवा. आणि गेटपासवर (गाडी ताब्यात मिळाल्याच्या कागदावर) सही करू नका अजून.