चीनचे बादशहा खरंच शंभर पदार्थ खायचे का?

सिडकोकर:
काल कॉलेज रोडला चायनीजच्या गाडीवर उभे होतो, पोरगं म्हणे पप्पा चीनचा राजा रोज मंचुरियन खायचा का. हसलो पण उत्तर काय देता येईना. कुठंतरी वाचलेलं की एका वेळेला शंभर शंभर पदार्थ मांडायचे आणि राजा एकटाच बसायचा, खरंय का हे? उरलेलं जायचं कुठं? लवकर सांगा, आज परत विचारणार तो.

गोदाकाठ:
आधी मंचुरियन. राजे मांचूच होते हो, छिंग घराणं, १६४४ ते १९१२. पण मंचुरियन ही आपल्या मुंबईची पैदास, त्यांनी डोळ्यांनी पण पाहिलं नसेल 😄
एकटं बसायचं खरंय. मुख्य जेवणं दोनच, एक भल्या सकाळी आणि एक दुपारी, संध्याकाळी काहीतरी हलकं. जेवायची ठरलेली खोली अशी नव्हतीच, बादशहा असेल तिथं हुकूम सुटला की खोजे टेबलं मांडून मोकळे. शंभरचं म्हणाल तर ते राजमाता सिशीबद्दल सांगतात. छिएनलोंग बादशहाच्या रोजच्या जेवणाच्या तर नोंदी आहेत अजून, त्यात बदक आणि पाकोळीच्या घरट्याचं काहीतरी सारखं सारखं येतं. उरलेलं राण्यांना नाहीतर दरबाऱ्यांना जायचं, आणि बादशहाच्या टेबलावरचं घरी आलं म्हणजे मोठा मान बरं का.

वाटीचमचा:
विषाचं राहिलंच की. प्रत्येक भांड्यात चांदीची पट्टी टाकायचे, वर खोजा आधी चाखून बघायचा. आता चांदी काळी पडते ती गंधकानं, जुन्या काळचा सोमल अशुद्ध असायचा, त्यात गंधक सापडायचं म्हणून पट्टी काळी व्हायची. शुद्ध सोमल असता तर पट्टी लख्खच राहिली असती आणि बादशहा गेला असता. आमच्या मामींनी एकदा हौसेनं बारशाच्या चांदीच्या चमच्यानं बाळाला उकडलेल्या अंड्याचा बलक भरवला, चमचा काळाकुट्ट, मग बसल्या टूथपावडरीनं घासत. म्हणजे तिकडं नुसत्या अंड्यापायी एखादा आचारी गोत्यात यायचा.

पंचवटीची_लेक:
मला तर शेवटच्या बादशहाची, पुयीची कीव येते. १९०८ ला गादीवर बसवला तेव्हा जेमतेम २ वर्षांचं लेकरू. त्यानं स्वतःच लिहून ठेवलंय, समोर मांडायचे ते पदार्थ कधीचे करून चुलीवर ठेवलेले असायचे, त्याला तो हातच लावायचा नाही, खरं जेवण यायचं विधवा राण्यांच्या मुदपाकखान्यातून. म्हणजे आपला नैवेद्यच की, देवाला दाखवायचा आणि खायचं दुसऱ्यांनी, फक्त इथं देवाला पण भूक लागायची. कारण पोट बिघडेल म्हणून त्याला कमीच द्यायचे. एकदा त्यानं एका बैठकीत ६ पोळ्या खाल्ल्या (आपल्या नाही, तिकडच्या पातळ), मुख्य खोजाला कळलं, तर जिरवायचं म्हणून दोघांनी त्याला दंडाला धरून उचललं आणि धुम्मस करतात तसं जमिनीवर आपटलं. बादशहाला!

सिडकोकर:
धन्यवाद मंडळी 🙏 पोराला ६ पोळ्यांची गोष्ट सांगून चुकलो. चौथी संपवून म्हणे अजून दोन चालतात, मग आपटा.