लू वॉसरमन, आमच्या भाच्याचा करार आणि अडत

दिवाणजी_सांगली

मंडळी जरा मोठं लिहितोय, सांभाळून घ्या. मी मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात (शेतकऱ्याचा माल कमिशनवर विकून देणारं दुकान) दिवाणजी हाय. माझा भाचा साताऱ्याचा, वाईच्या बाजूला एका मालिकेचं शूटिंग चालतं त्यात त्याला हिरोच्या मित्राचा रोल मिळालाय, चार महिने झाले टीव्हीवर दिसतोय, गावात पोरं सेल्फी काढत्यात. आता एक मॅनेजर मागं लागलाय. मालिका, जाहिरात, दुकानाचं उद्घाटन, यात्रेतली सुपारी, सगळ्यातले शेकडा वीस त्याचे आणि तीन वर्षं दुसऱ्या कुणाकडं जायचं नाही. बहिणीचा फोन आला, दादा तू अडतीतला माणूस, तूच सांग सही करू दे का नको.

म्हणून आठवडाभर रात्री हॉलिवूडच्या एजंट लोकांचं वाचत बसलो आणि लू वॉसरमन ह्या माणसाच्या नादालाच लागलो. जन्म १९१३, क्लीव्हलँडचा. पोरवयात थिएटरात टॉर्च दाखवून लोकांना खुर्चीवर बसवायचं काम. १९३६ ला एमसीए कंपनीत लागला. ही कंपनी १९२४ ला शिकागोत ज्यूल्स स्टाइन नावाच्या डोळ्याच्या डॉक्टरनं काढलेली, डान्स हॉलला बँड पुरवायची, म्हणजे आपल्याकडं ऑर्केस्ट्रा बुक करतात तसंच. १९४६ ला वॉसरमन तिचा अध्यक्ष झाला. काळा सूट, पांढरा शर्ट, टेबलावर एक कागद नाही.

आता खरी गंमत. १९५० चा जेम्स स्टुअर्टचा सौदा. त्याची जी फी होती ती युनिव्हर्सल स्टुडिओला झेपत नव्हती. वॉसरमन म्हणाला फी राहू द्या, पिक्चरच्या नफ्यात वाटा द्या. पिक्चर चालला, स्टुअर्टला पगारापेक्षा कितीतरी जास्त मिळाले, वर ते पैसे थोडे थोडे कित्येक वर्षं येत राहिले त्यामुळं टॅक्सही वाचला, तिकडं तेव्हा मोठ्या कमाईवर टॅक्स भयंकर होता. तोवर बहुतेक नट म्हणजे स्टुडिओचे पगारी गडी, ह्या माणसानं नटाला वाटेकरी केला.

माझं मत सरळ हाय. सही करावी. शेतकरी एकटा पोतं घेऊन व्यापाऱ्याच्या दारात गेला तर काय भाव निघतो ते मी रोज बघतो.

तंबोरा_मिरज

डोळ्याच्या डॉक्टरनं बँड पुरवायची कंपनी काढली हे वाचून आमच्या मिरजेचीच गोष्ट वाटली. इथं दर चौथ्या बोर्डावर डॉक्टर आणि त्याच्या शेजारी सतारीचं दुकान. बाकी चालू द्या, वाचतेय.

कृष्णाकाठ

दिवाणजी, तुम्ही पिक्चर इंटरव्हलपर्यंतच सांगितला राव. पुढचं मी सांगतो.

तिकडं नटांच्या संघटनेचा नियम होता, की जो एजंट आहे त्यानं निर्माता व्हायचं नाही. कारण उघड आहे, एजंटचं काम नटाचा भाव वाढवायचं, निर्मात्याचं काम तो पाडायचं, एकाच माणसानं दोन्ही केलं तर भाव ठरवणार कोण आणि कुणासाठी. पण टीव्ही नवा नवा आला होता आणि एमसीएला मालिका काढायच्या होत्या. १९५२ ला संघटनेनं एमसीएला त्या नियमातनं सूट देऊन टाकली. तेव्हा संघटनेचा अध्यक्ष कोण? रोनाल्ड रेगन. तोच, पुढं राष्ट्राध्यक्ष झालेला. आणि रेगनचा एजंट कोण? एमसीए. दोन वर्षांत रेगनला एमसीएच्याच टीव्ही कार्यक्रमात सूत्रसंचालकाचं कायमचं काम मिळालं. मी आरोप करत नाही, फक्त तारखा सांगतोय.

झालं काय, की एमसीएच नटाची एजंट आणि एमसीएच त्याला कामाला ठेवणारी. वर युनिव्हर्सलची स्टुडिओची जागाही घेऊन टाकली. शेवटी १९६२ ला सरकारच्या न्याय खात्यानं गळा धरला, एजन्सी तरी ठेवा नाहीतर स्टुडिओ तरी. वॉसरमननं काय ठेवलं? स्टुडिओ. ज्या नटांचा तो एवढा कैवारी होता त्यांना एका झटक्यात सोडून दिलं. हा तुमचा आदर्श?

उसाचा_फड_वाळवा

नफ्यातला वाटा म्हणं 😂 आवो दिवाणजी, नफ्यातला वाटा म्हणजे साखर कारखान्याचा दुसरा हप्ता. मिळंल मिळंल म्हणत पोरांची लग्नं होत्यात. हिशेबाची वही ज्याच्याकडं, नफा किती ते त्योच सांगणार. काटा त्येंचा, उतारा त्येंचा, आपण निस्तं उभं राहून बघायचं.

हॉलिवूडात बी तसंच झालंय. बुकवाल्ड म्हणून एक लेखक, त्याच्या कल्पनेवर पिक्चर निघाला, बक्कळ धंदा केला आणि स्टुडिओ म्हणतोय नफाच न्हाई झाला. त्यो कोर्टात गेला. १९९० ला कोर्ट म्हणालं तुमचा नफा मोजायचा करारच अन्यायी हाय. मोठ्या नटाला तिकीट विक्रीच्या गल्ल्यातनंच वाटा मिळतो म्हणून त्यो वाचतो, बारक्याला निव्वळ नफ्यातला, मंजी शून्याचा वाटा.

दिवाणजी_सांगली

@उसाचा_फड_वाळवा भावा हे मान्य. पण हिशेबाची वही तपासायला लावायची ताकद एकट्या नटात असती का एजंटात? काटा चुकतोय हे शेतकऱ्याला कळतं, बोलायला पाठीशी माणूस लागतो.

@कृष्णाकाठ तुमच्या तारखा बरोबर आहेत, पण त्या सूटच्या बदल्यात संघटनेला काय मिळालं ते गाळलंत. टीव्हीवर कार्यक्रम पुन्हा दाखवला तर नटाला पुन्हा पैसे. आपल्याकडं मालिका दुपारी रिपीट लागते, रात्री ॲपवर बघतात, आमच्या भाच्याला त्याचा एक रुपया येत नाही.

विट्याचा_गडी

मी बोलू का. आमच्या विट्यात तमाशाच्या राहुट्या पडत्यात, तिकडं नारायणगावात पडत्यात तशा. गावोगावच्या यात्रा कमिट्या येत्यात, राहुटीत मांडी घालून बसत्यात, चहा होतो, घासाघीस होती आणि सुपारी ठरती. मधी कोण एजंट बिजंट न्हाई. फडमालक आणि कमिटी, समोरासमोर. ऐकायला लय भारी वाटतंय का न्हाई? आता दुसरी बाजू ऐका. सीझन दसऱ्यापास्नं. त्याच्या आधी पावसाळाभर कलाकारांना उचल द्यायला लागती, गाडी दुरुस्त करायला लागती, तंबू शिवायला लागतो. हे पैसे कुठनं? व्याजानं. त्यामुळं फडमालक राहुटीत बसतो तवा त्येच्या डोक्यावर सावकार बसलेला असतोय, आणि कमिटीला ते पक्कं ठावं असतंय. यात्रेची तारीख जवळ आली की रिकामा दिवस घालवण्यापरास पडंल त्या सुपारीला माणूस हो म्हणतो.

वॉसरमनसारखा एखादा आमच्यात असता आणि त्यानं सगळ्या फडांची मूठ बांधून 'इतक्याच्या खाली एक फड उभा राहणार न्हाई' म्हणून सांगितलं असतं, तर आज निम्मे फड जिवंत असते. कवलापूरच्या काळू-बाळूंचं नाव सगळी घेत्यात, हिशेब कुणी इचारत न्हाई.

कृष्णाकाठ

@विट्याचा_गडी दादा तुमचं दुखणं खरं आहे पण तुम्ही सांगताय ती संघटना झाली, एजंट नाही. संघटना सगळ्यांसाठी, एजंट ज्याची टक्केवारी मोठी त्याच्यासाठी.

नाट्यपंढरीचा_वारकरी

थोडं विषयांतर. विष्णुदास भाव्यांनी १८४३ ला सांगलीत सीतास्वयंवर केलं ते पटवर्धन सरकारच्या आश्रयावर. १८५१ ला सांगलीचे राजे अप्पासाहेब पटवर्धन गेले, आश्रय संपला आणि भाव्यांना मंडळी घेऊन बाहेर पडावं लागलं, १८५३ ला मुंबईत तिकीट लावून खेळ केले. म्हणजे लिहिणारे तेच, बसवणारे तेच आणि पैशाची जुळणी करणारेही तेच. आणि आपल्या नागठाण्याचे बालगंधर्व? शालू, अत्तर, गालिचे, सगळं उत्तम पाहिजे, कंपनी कर्जात. त्यांना एक कडक मॅनेजर मिळाला असता तर, असं आमचे आजोबा कायम म्हणायचे. (आजोबा स्वतः मॅनेजर होते, बँकेत, हे लक्षात घ्यावं.)

मेकअपरूम_सातारा

मी ह्याच लाईनीत आहे, सातारा-वाई-फलटण भागातल्या मालिकांवर मेकअपला असते, त्यामुळं वॉसरमन राहू द्या बाजूला आणि पोराचं बघा.

दिवाणजीदादा, नव्या पोराला पर डे (दिवसाचे पैसे) मिळतो आणि तो हातात पडतो नव्वद दिवसांनी. आज काम केलं त्याचे पैसे तीन महिन्यांनी. तोवर भाडं, जिम, कपडे सगळं घरच्यांच्या जिवावर. पोरगं फोन करून पैसे मागायला घाबरतं, कारण उद्या मालिकेतला त्याचा ट्रॅकच कापला तर? तिथं मॅनेजर कामाला येतो, तो न लाजता रोज फोन करतो. मी अशी पोरं बघितलीत ज्यांचे पैसे फक्त मॅनेजरमुळं निघाले. अशीही बघितलीत ज्यांचे पैसे मॅनेजरकडं आले आणि तिथंच राहिले.

माझं म्हणणं, आत्ताचा रोल पोरानं स्वतः ऑडिशन देऊन मिळवलाय ना? मग त्यातले वीस टक्के कशाचे? जे काम तो आणेल त्याच्यावर दे. आणि पैसे पोराच्या खात्यावर आले पाहिजेत, मग तिथनं त्याला. उलटं नको.

दिवाणजी_सांगली

ताई हे लय कामाचं सांगितलंत. पैसे कुणाच्या खात्यावर येणार हे मी करारात बघितलंच नव्हतं. आत्ता बघितलं. मॅनेजरच्या.

कृष्णाकाठ

बघा म्हणजे. आणि आता मुद्द्यावर येतो, कारण दिवाणजी स्वतः अडतीतले आहेत त्यांना हे माझ्यापेक्षा चांगलं कळेल. हॉलिवूडात एजंटची जुनी रीत शेकडा दहा. नटाला शंभर मिळाले तर एजंटला दहा, म्हणजे नटाचा भाव वाढला तरच त्याचा वाढतो, सोपं. पण नंतर पॅकेजिंग जोरात आलं. एजन्सी आपलाच लेखक, आपलाच दिग्दर्शक, आपलेच नट अशी मोट बांधून चॅनलला देते आणि पैसे चॅनलकडनं घेते. ठरलेला आकडा तीन-तीन-दहा. चॅनल कार्यक्रमाला जी फी देतं त्याच्या तीन टक्के आत्ता, तीन टक्के नंतर, आणि पुढच्या नफ्यात दहा टक्के. बदल्यात लेखकाकडनं दहा टक्के घेत नाही. लेखक खूश, कमिशन वाचलं! पण एजन्सीचं पोट आता कार्यक्रमाच्या बजेटवर, लेखकाच्या मानधनावर नाही. लेखकाला कमी मिळालं तरी तिचं काय जातंय? २०१९ च्या एप्रिलमध्ये सात हजारांवर लेखकांनी एकदम आपापल्या एजंटांना काढून टाकलं ते ह्यावरनं. पुढं दोन वर्षांत मोठ्या एजन्सी एक एक करून नमल्या आणि पॅकेजिंग २०२२ च्या जूनपर्यंत बंद करायचं ठरलं.

दिवाणजी_सांगली

कृष्णाकाठ, ह्यावर मी दिवसभर गप्प होतो कारण दुकानात सौदे होते पण डोक्यात हेच फिरत होतं. २०१६ आठवा. सरकारनं फळं-भाजीपाल्याची अडत शेतकऱ्याकडनं घ्यायची बंद केली, खरेदीदाराकडनं घ्या म्हणालं. यार्डं बंद ठेवली व्यापाऱ्यांनी. शेतकऱ्यांनी पेढे वाटले, बरोबरच होतं, पट्टीतनं (विक्रीच्या हिशेबाच्या कागदातनं) पैसे कापायचे थांबले. पण आमचे मालक तेव्हा एक वाक्य बोलले होते ते मला आता कळतंय. म्हणाले, 'आरं आजवर मी शेतकऱ्याच्या पैशावर त्याच्यासाठी भांडायचो, आता ज्याच्याशी भांडायचं त्याच्याच पैशावर जगायचं.' आम्ही हसलो होतो, म्हातारा स्वतःच्या कमिशनसाठी रडतोय म्हणून. रडत होताच की. पण खोटं बोलत नव्हता.

तरी मी वॉसरमनला सोडणार नाही. १९५० चा सौदा १९६२ मुळं पुसला जात नाही.

उसाचा_फड_वाळवा

मोठा झाल्याला प्रत्येक एजंट शेवटी मालकच होतोय दिवाणजी. त्यो दुसरा एजंट ओव्हिट्झ बघा की. १९७५ ला साथीदारांसंगं सीएए ही एजंट कंपनी काढली, आख्खं हॉलिवूड त्येच्या फोनला घाबरायचं. १९९० ला जपानच्या मात्सुशितानं वॉसरमनची कंपनी घेतली त्यो सौदा बी ओव्हिट्झनंच जुळवला. मग १९९५ ला गडी गेला डिस्नेत अध्यक्ष व्हायला. दीड वर्षाच्या आत हाकलला आणि जाताना सुमारे १४ कोटी डॉलर घिऊन गेला. भागधारक कोर्टात गेलं तर कोर्ट म्हणालं ठीकाय. नटाला असला निरोपसमारंभ मिळतोय का?

तंबोरा_मिरज

ह्या हिशेबानं सगळ्यात चांगला सौदा ओव्हिट्झनं स्वतःचाच केला म्हणायचा.

यात्रा_कमिटी

गावाचं नाव सांगत नाही. गेल्या साली आमच्या यात्रेत मालिकेतली एक हिरॉईन बोलावली, फीत कापायला आणि दोन शब्द बोलायला. मॅनेजरला आम्ही पंचाहत्तर हजार दिले, रोख. स्टेजमागं चहा देताना आमच्या सेक्रेटरीनं सहज विचारलं, मॅडम परवडतं का एवढ्या लांब यायला. पोरगी म्हणाली काय करणार काका, तीस हजारात गाडीभाडं पण माझंच. आम्ही एकमेकांच्या तोंडाकडं बघत बसलो. तिला सांगावं का नको, शेवटी कोणीच नाही बोललं. आता वाटतं सांगायला पाहिजे होतं. दिवाणजी, वीस टक्के वीस टक्के करत बसू नका, वीस टक्के कशाचे ते विचारा.

विट्याचा_गडी

पंचाहत्तर हजार फीत कापायला!! आणि फडाला रात्रभर नाचायला घासाघीस. बरं हाय.

मेकअपरूम_सातारा

@यात्रा_कमिटी हे रोजचं आहे काका. मी म्हणूनच पोरांना सांगते, सुपारीला गेलात की कमिटीतल्या माणसाशी दोन मिनिटं बोला.

दिवाणजी_सांगली

आज मॅनेजरला फोन लावला. म्हणालो तीन गोष्टी लिहून द्या. आत्ताच्या मालिकेत तुमचा वाटा नाही, पैसे आधी भाच्याच्या खात्यावर येणार, आणि समोरच्या पार्टीकडनं तुम्ही वेगळे घेणार असाल तर आम्हाला सांगणार. पहिल्याला हो म्हणाला. दुसऱ्याला बघू म्हणाला. तिसऱ्याला हसला, म्हणाला 'दादा असं कोण लिहून देतं का.' मी म्हणालो आमच्या यार्डात पट्टीवर सगळं लिहितात, हमाली तोलाई सकट. म्हणाला ही हळद नाही.

भाचा रुसून बसलाय, म्हणतो मामा तुझ्या अडतीपायी माझी जाहिरात जाईल. बहीण मधी. करार बारा पानं, सगळा इंग्रजीत, तीन वर्षांनंतर आपोआप पुढं चालू राहतो असं कायतरी नवव्या पानावर दिसतंय पण मला नीट लागत नाही. मिरज-सांगलीत असले करार वाचणारा वकील कुणाच्या माहितीत असेल तर निरोप टाका, फी देतो. आधी सांगतो, टक्केवारीवर नाही.