आरक्षण आणि दहा वर्षांचा हिशेब

विकास आराखड्यात रस्ता, शाळा, बाग अशा सार्वजनिक कामासाठी खाजगी जमिनीवर आरक्षण पडतं. त्याबद्दल काहीजण म्हणतात की प्रारूप (कच्चा) आराखडा प्रसिद्ध झाला त्या दिवसापासून दहा वर्षं मोजायची, मग आरक्षण आपोआप उठतं. दोन्ही अर्धवट. एमआरटीपी म्हणजे महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना कायद्याच्या कलम 127 मधली दहा वर्षं अंतिम आराखडा अंमलात येतो त्या तारखेपासून चालतात, आणि ती संपली तरी आपोआप काही होत नाही. जमीनमालकाने नोटीस द्यावी लागते, सोबत मालकी हक्काची कागदपत्रं. सातबाऱ्यावर जुनी नावं, वारस नोंद राहिलेली, मग नोटिशीलाच हरकत निघते. घोळ बहुतेक इथेच होतो. नोटीस मिळाल्यापासून 24 महिन्यांत जमीन संपादनाची पावलं पडली नाहीत तर आरक्षण व्यपगत, म्हणजे संपलं. नुसता ठराव किंवा प्रस्ताव म्हणजे पाऊल नव्हे, हे गिरनार ट्रेडर्स प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं आहे.

प्रारूपाला अर्थ नाही असंही नाही. त्याच कायद्याच्या कलम 46 प्रमाणे विकासाची, म्हणजे बांधकाम वगैरेची परवानगी देताना प्रारूपही विचारात घ्यावं लागतं. म्हणून पीएमआरडीए (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण) हद्दीत मुळशी-हवेलीकडे प्लॉट बघणाऱ्याने नुसत्या झोन दाखल्यावर (जमीन रहिवास, शेती अशा कुठल्या विभागात येते त्याचा दाखला) थांबू नये, भाग नकाशा, म्हणजे आराखड्याच्या नकाशातला त्या जागेचा उतारा, हाही काढावा आणि तो 'क' प्रतीवर, म्हणजे सरकारी मोजणीनंतर मिळणाऱ्या नकाशावर, बसवून बघावा. दाखल्यावर 'रहिवास' असतं, आणि नियोजित रस्ता गटाच्या मधोमध गेलेला असतो. एजंट दाखवतात तो मोबाईलवरचा रंगीत नकाशा यात धरूच नका.