मार्गेट: कलादालनापलीकडचे पुनरुज्जीवन

कलादालन उभारल्यामुळे मार्गेट सावरले, हे मत मला अपुरे वाटते. इंग्लंडच्या केंट किनाऱ्यावरचे हे गाव लंडनच्या कष्टकऱ्यांचे हक्काचे सुटीचे ठिकाण होते. पण स्पेनच्या स्वस्त विमानसहली सुरू झाल्यावर पाहुणे आटले, आणि ओस पडलेल्या अतिथिगृहांतील एकेक खोली गरजूंना भाड्याने दिली जाऊ लागल्यामुळे हंगामी रोजगार गमावलेल्या गावावर गरिबीचा आणखी भार पडला. २००९ मध्ये वेगवान रेल्वेने लंडन जवळ आले आणि २०११ मध्ये 'टर्नर कंटेम्पररी' कलादालन उघडले, हे खरेच.

मला मात्र ड्रीमलँड या मनोरंजन बागेतील १९२० ची लाकडी 'सीनिक रेल्वे' ही चढउतारांवरून धावणारी खेळगाडी (रोलर कोस्टर) अधिक मोलाची वाटते. तिच्या उतारांवर वेग आवरण्यासाठी ब्रेक ओढणारा माणूस प्रवाशांसोबत गाडीवरच असे. २००८ च्या आगीत ती होरपळली, तरी गावकऱ्यांनी बाग वाचवण्याचा लढा सोडला नाही, आणि २०१५ मध्ये ती पुन्हा धावली. त्याच गावकऱ्यांना आता वाढत्या घरभाड्यांपायी गाव सोडावे लागू नये, म्हणून सुटीपुरत्या भाड्याने दिल्या जाणाऱ्या घरांवर मर्यादा घालणे मला अत्यावश्यक वाटते.