दांडिया बाजारातल्या वाड्यात, तळमजल्यावर कोणतं झाड टिकेल?

वाड्यातली सून:
नमस्कार मंडळी. बडोद्यात जुन्या वाड्याच्या तळमजल्यावर राहतो. दिवाणखान्याला एकच खिडकी, तीही चौकात उघडते. भर दुपारीसुद्धा दिवा लावून पेपर वाचावा लागतो. "घरात ठेवायचंच झाड आहे" असं नर्सरीवाल्यानं सांगितलं म्हणून अरेका पाम आणला. आता बुंधा मऊ पडलाय, कुंडीभोवती चिलटं. सासूबाई देवांच्या स्नानाचं पाणी रोज त्यातच ओततात. त्यांना नाही म्हणायची माझी प्राज्ञा नाही. घरात रांगतं बाळ आहे. काय लावू?

हिरवळ:
डोळे मिटून स्नेक प्लांट घ्या. हवा शुद्ध करतं, नासानं सांगितलंय.

कारेलीबागवाले काका:
नासाचा तो प्रयोग १९८९ चा, तोही बंद पेटीतला. २०१९ मध्ये असे सगळे प्रयोग पुन्हा तपासले, तेव्हा नुसत्या दारं-खिडक्यांमधून जितकी हवा बदलते तितका परिणाम साधायला चौरस मीटरला १० ते १००० झाडं लागतील असं निघालं. मग माणसांनी चौकात निजायचं!

ताई, पाम बहुतेक पाण्यानं गेलाय. अंधारात झाड पाणी कमी पितं, माती ओलीच राहते, मुळांना हवा मिळत नाही, ती कुजतात. चिलटांची अंडी-अळ्याही त्याच ओल्या थरात. दोन पेरं बोट मातीत घाला. माती चिकटली तर पाणी नाही. कुंडीला खाली भोक आहे ना, तेही बघा.

देवांचं पाणी चौकातल्या तुळशीला जाऊ दे. सासूबाईच खूश होतील.

आता जागा. बाराच्या सुमारास दिवा बंद करून कागदावर वीतभर उंच हात धरा. पुसट तरी सावली पडली तर झेडझेड प्लांट किंवा स्नेक प्लांट तग धरेल. सावलीच नसेल तर दोन कुंड्या घ्या आणि आलटून पालटून आठवडाभर चौकात, आठवडाभर आत. चौकात ठेवाल ती सावलीत. आपल्याकडच्या मे महिन्याच्या उन्हात घरातलं झाड एका दुपारीत भाजतं.

बाळामुळे एक सांगतो. झेडझेड, मनी प्लांट, डिफेनबॅकिया यांच्या पानांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. पान चावलं की तोंडाची आग होते, जीभ सुजते. स्नेक प्लांटही पोटात जाऊ नये. खाली ठेवायचंच तर स्पायडर प्लांट, पण त्याला खिडकीच हवी.

वाड्यातली सून:
काका, सावली पडली, अगदी पुसट. तुळशीचं सासूबाईंना लगेच पटलं. झेडझेडसाठी भिंतीवर फळी ठोकतोय. किती उंच?

कारेलीबागवाले काका:
आज रांगतंय, दिवाळीपर्यंत खुर्चीवर चढेल. त्या हिशेबानं ठोका.