गाडी मागे येताना: अनुभव सांगा

उद्यमबाग, बेळगाव

५ जुलै २००९ रोजी मध्यरात्रीनंतर दोनच्या सुमारास फ्लोरिडातील वॉल्ट डिस्ने वर्ल्ड या मनोरंजन नगरीत दोन मोनोरेल (एकाच तुळईवरून धावणाऱ्या) गाड्यांची टक्कर होऊन जांभळ्या गाडीचा २१ वर्षांचा चालक मृत्युमुखी पडला. १९७१ पासून चालू असलेल्या त्या मोनोरेलवरचा हा पहिला प्राणघातक अपघात होता. गुलाबी गाडी एपकॉट या तेथील उद्यानाच्या मार्गावर मागे घेऊन दुसऱ्या मार्गावर न्यायची होती; त्यासाठी सांध्याची, म्हणजे जेथे गाडी मार्ग बदलते तेथली, तुळई सरकवणे आवश्यक होते, पण ती सरकवलीच गेली नाही. तरीही गाडी मागे घेण्याची परवानगी मिळाली आणि गुलाबी गाडी ज्या मार्गाने आली होती त्याच मार्गाने उलटी येत, स्थानकातील जांभळ्या गाडीवर आदळली. परवानगी देणारा व्यवस्थापक त्या वेळी नियंत्रण कक्षात नव्हता. गाड्यांची ये-जा पाहण्यासाठी नेमलेला समन्वयक आजारी पडून घरी गेल्यामुळे हा व्यवस्थापक बाहेरच्या एका उपाहारगृहात बसून रेडिओवरून ते काम पाहत होता.

त्या आठवड्यात आमच्याकडे चहाच्या टपरीवर दोनच मते ऐकू येत होती: एक, चालक पोरगा झोपला असणार, आणि दुसरे, अमेरिकेत असे घडते तर आपले काय. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने २०११ साली अहवाल दिला तेव्हा पहिले मत पूर्णपणे खोटे ठरले. सांधा चुकीच्या स्थितीत राहणे, तो न पडताळता परवानगी देणे आणि गाडी उलटी नेण्याची लेखी कार्यपद्धती नसणे, ही कारणे मंडळाने नोंदवली. परंतु टपरीवर तोपर्यंत हा विषय कोणालाच आठवत नव्हता. ज्यांच्या कामात स्वतःला न दिसणारी गोष्ट दुसऱ्याच्या शब्दावर करावी लागते, त्यांनी आपले अनुभव येथे सविस्तर लिहावेत, अशी विनंती आहे.

खानापूर, निवृत्त रेल्वे पॉइंट्समन (सांधे बदलणारा)

लोंढा–मिरज मार्ग मीटरगेज होता तेव्हापासून मी सांधे ओढले आहेत, त्यामुळे ही हकीकत वाचताना मला सर्वांत आधी कुलूप आठवले. जेथे सांधा आणि सिग्नल एकमेकांत गुंतवलेले असतात, तेथे सांधा पूर्ण बसल्याशिवाय सिग्नल पडतच नाही, गाडीला वाट मिळत नाही, म्हणजे माणसाने चूक करायची ठरवली तरी यंत्र त्याला अडवते. खरी परीक्षा असते ती ही व्यवस्था बिघडलेल्या रात्री. तेव्हा पॉइंट्समनने पावसात कंदील घेऊन सांध्यापर्यंत चालत जायचे, सांध्याचे सरकते पाते रुळाला चिकटले आहे की नाही हे वाकून पाहायचे, क्लॅम्प लावून कुलूप घालायचे आणि किल्ली स्टेशन मास्तरांच्या हाती द्यायची. किल्ली हातात आल्याखेरीज आमचे मास्तर गाडीला पुढे येऊ देत नसत. बाहेर कितीही भोंगे वाजले तरी ते खुर्चीवरून हलत नसत, आणि याबद्दल त्यांना प्रवाशांच्या शिव्याही खाव्या लागत.

रेल्वे फाटकांचेही तसेच असते. बेळगावातील टिळकवाडीच्या फाटकांवर ताटकळणाऱ्यांना कदाचित ठाऊक नसेल, पण फाटकवाला फोनवरून नुसते बंद केल्याचे सांगत नाही, तर आपल्या तक्त्यातला एक खाजगी नंबर देतो आणि मास्तर तो वहीत लिहून घेतात. नंबर दिला की ते काम त्या माणसाच्या नावावर चढते. अर्थात फाटक न पाहता नंबर देणारा महाभाग निघालाच तर वही काय करणार, हा प्रश्न उरतो. त्यावर आमच्या काळात तरी अचानक येणारा तपासनीस हेच औषध होते.

निपाणी परिसर, ऊस वाहतूकदार

आमच्याकडे ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या जोडतात आणि त्या उसाने इतक्या भरलेल्या असतात की चालकाला मागचे काहीही दिसत नाही. हंगामात रात्री कारखान्याच्या आवारात गाड्यांची रांग लागते, प्रत्येक ट्रॅक्टरवर गाणी मोठ्याने लावलेली असतात आणि क्लीनर मागून ओरडत असतो. आमच्या ओळखीचा एक क्लीनर अशाच वेळी दोन ट्रॉल्यांच्या मध्ये सापडला. लोकांनी चालकाला मारले, पण गाणी बंद करण्याचा नियम कोणी केला नाही.

शहापूर, गृहिणी

माझा मुलगा अमेरिकेत असतो. या अपघाताच्या आधी आम्ही तेथे गेलो होतो, तेव्हा नातवासह मला मोनोरेलच्या अगदी पुढच्या केबिनमध्ये, चालकाशेजारी बसू दिले होते आणि उतरताना सहचालकाचा परवाना म्हणून एक छोटे कार्डही दिले होते. अपघातानंतर पाहुण्यांना पुढच्या केबिनमध्ये बसवणे बंद झाले. जांभळ्या गाडीची तीच पुढची केबिन चिरडली गेली हे वाचल्यावर माझ्या पोटात गोळा आला, आणि ती बंदी योग्यच आहे, असे मी मानते. मात्र माझ्या सुनेचे म्हणणे असे की, केबिन बंद केल्याने मरणाऱ्यांची संख्या कमी होईल, टक्कर टळणार नाही. लोकांना मात्र तेवढाच बदल डोळ्यांना दिसतो आणि त्यावरच त्यांचे समाधान होते. ती म्हणते ते मला खोडून काढता आलेले नाही.

चिकोडी, निवृत्त बस कंडक्टर

आमच्या आगारात गाडी मागे घेताना कंडक्टरने खाली उतरायचे आणि शिट्टी वाजवत राहायचे, अशी पद्धत होती. शिट्टी चालू आहे तोवर गाडी मागे येईल आणि शिट्टी थांबली की गाडी थांबेल. कंडक्टर घसरून पडला किंवा त्याचे लक्ष उडाले तरी गाडी आपोआप थांबते, ही त्यातली खुबी आहे. नवी पोरे नुसतेच ‘बरली, बरली’ (कन्नडमध्ये ‘येऊ दे’) म्हणत दारात उभी राहतात, आणि ते ऐकले की मी आजही खिडकीतून डोके बाहेर काढून पाहतो.

बेळगाव, वकील

गावोगावच्या जत्रांत आकाशपाळणे आणि लहान मुलांच्या आगगाड्या येतात, त्यांच्या परवानगीची कागदपत्रे मी काही जत्रा समित्यांसाठी पाहिली आहेत. सांगाडा मजबूत असल्याचा दाखला, विजेच्या जोडणीची तपासणी आणि आग विझवण्याची सोय यांबद्दल विचारणा होते. पण चालवणारा आजारी पडला तर त्याच्या जागी कोण उभे राहणार, त्याला ते काम कोणी शिकवले आहे आणि तो प्रत्यक्ष जागेवर असेल की फोनवर, असे मला एकाही अर्जात विचारलेले आढळले नाही. फ्लोरिडात त्या रात्री नेमकी हीच जागा बदली माणसाकडे होती. आमच्या भागातील एका समितीने यंदा पाळणेवाल्याशी केलेल्या करारात मी एक ओळ घालून दिली: बदली माणसाचे नाव आधी लिहून द्यावे आणि तो माणूस पाळण्याजवळ हजर नसेल तर पाळणा बंद ठेवावा. पाळणेवाल्याने सही करण्यापूर्वी भाडे कमी करून मागितले, आणि समितीने ते दिले.