कॉस्प्ले ग्रुपमध्ये राडा झालाय, आधी कुणाला काढायचं?

वखारभागातली:
नमस्कार मंडळी, मोठं आहे पण वाचा. सांगली-मिरज आणि तासगाव-विट्याकडची पोरंपोरी मिळून आमचा कॉस्प्लेचा टेलिग्राम ग्रुप आहे. ॲनिमे म्हणजे जपानी कार्टून, त्यातलं नाहीतर गेममधलं पात्र व्हायचं, फोम कापायचा, विग सेट करायचे, मुंबईच्या कॉमिक कॉनला, म्हणजे असल्या शौकिनांच्या मेळाव्याला, मिळून जायचं असलं सगळं. मी आणि अजून एक जण ॲडमिन.

मिरजेच्या एका १९ वर्षांच्या पोरानं एका ॲनिमेतल्या हिरोईनचा कॉस्प्ले टाकला. काम बघाल तर बघतच राहाल. चिलखत योगा मॅट कापून केलेलं, हीट गननं वाकवलेलं, रंग फोममध्ये शोषला जाऊ नये म्हणून आधी फेविकॉलचे हात मारलेले, आणि कमरेला आईच्या जुन्या साडीचा काठ. सगळे ‘नादखुळा’ म्हणत होते तेवढ्यात एक जुना मेंबर आला. हा माणूस प्रॉप, म्हणजे पात्राची हत्यारं-बित्यारं, बनवण्यात एक नंबर, निम्मा ग्रुप त्याच्याकडून शिकलाय. त्यानं लिहिलं, ‘घरी दाखवलंस का हे? पोराच्या जातीला शोभतं का? ग्रुपची काहीतरी लेव्हल राहू दे.’

एवढ्यावर थांबला असता तर मत आहे म्हणून सोडून दिलं असतं. पण रात्री त्याच फोटोचा स्क्रीनशॉट पोराच्या चुलत्यांच्या फोनवर! पाठवणारा हाच, त्यानंच सांगितलं, वर म्हणतोय ‘त्याच्या भल्यासाठीच पाठवला’. पोरगं तेव्हापासून गप्प आहे.

आता दुसरी बाजू ऐका. आमच्यातल्याच चार-पाच जणांनी चिडून ह्या माणसाची सगळी कुंडली काढली, कुठं कामाला आहे, जुने फालतू जोक, बायकोचं अकाउंट, सगळं ग्रुपवर आणि इन्स्टावर टाकलं, आणि दोघांनी तर बायकोला मध्यरात्री मेसेज केले की तुझा नवरा असला आहे म्हणून. तिचा काय संबंध? विचारलं तर म्हणतात असल्यांना धडा शिकवायलाच पाहिजे.

निम्मे म्हणतात त्याला काढ, निम्मे म्हणतात ह्यांना काढ. को-ॲडमिन म्हणतोय ग्रुपच बंद करू, उगं केस झाली तर आपण अडकू. काय करू?

कृष्णाकाठचा:
पोराच्या जातीला शोभत नाही म्हणणारा नक्की सांगलीतच राहतो का? १८४३ ला विष्णुदास भाव्यांनी इथं नाटक उभं केलं त्यात बायकांची कामं कोण करत होतं? बालगंधर्व आपल्या जिल्ह्यातल्या नागठाण्याचे, १९०५ ला मिरजेत शकुंतला होऊन उभे राहिले, आणि पुढं घरंदाज बायका त्यांचं बघून साड्या नेसायला लागल्या. नाट्यपंढरी म्हणून कमानी लावायच्या आणि पोरानं विग घातला की चुलत्याला फोन? काढ त्याला, विषय संपला.

फोमवाली_मिरज:
दाखला भारी आहे दादा, पण प्रश्न सुटत नाही त्यानं. बायकांनी स्टेजवर येणं घरंदाजपणात बसत नव्हतं म्हणून पुरुष शालू नेसत होते, म्हणजे तीपण लोकांच्या नैतिकतेचीच भानगड झाली की. आणि समजा ही परंपरा नसतीच, तर मग फोटो चुलत्याला पाठवणं बरोबर ठरलं असतं?

मी स्वतः कॉस्प्ले करते. खांदा दिसला की ‘संस्कार’, खांदा झाकला की ‘कॅरेक्टरशी मॅच होत नाही’, दोन्ही बोलणारा कधीकधी एकच माणूस असतो. त्याची सवय झालीय, खरं सांगते. भीती कशाची वाटते तर फोटो बाहेर जाण्याची. न्यूयॉर्क कॉमिक कॉननं २०१४ ला ह्याच असल्या त्रासासाठी मोठे बोर्ड लावले होते की कॉस्प्ले म्हणजे संमती नव्हे, फोटो काढायच्या आधी विचारा. मुंबईत मला विचारून फोटो काढणारे कितीतरी भेटले, आणि इथं आपल्याच ग्रुपमधला माणूस न विचारता घरच्यांना पाठवतो.

म्हणून माझ्या मते ‘शोभतं का’ म्हणाला म्हणून काढू नको, फोटो बाहेर नेला म्हणून काढ. आणि बायकोला मेसेज करणाऱ्या दोघांनापण त्याच दिवशी काढ. ते आपल्या बाजूचे आहेत म्हणून त्यांना सूट दिलीस तर उद्या तुझ्या नियमाला कोण भीक घालणार?

सरळसाधा:
मी त्या माणसाला ओळखत नाही पण त्याचं सगळंच चुकलं असं नाही. ग्रुपवर चौदा-पंधराची पोरं पण असतात, कुणीतरी मोठ्यानं लक्ष ठेवायला नको का? आजकाल जरा काही बोललं की लगेच मोरल पोलिसिंग.

फोमवाली_मिरज:
ठेवा की लक्ष. लहान पोरांना कोण पर्सनलवर मेसेज करतंय, कोण फोटो मागतंय ते बघा, त्यासाठी मी स्वतः ॲडमिनच्या मागं लागलेय. १९ वर्षांच्या पोरानं चिलखत घातलं तर त्यात कुठल्या लहान पोराचं नुकसान झालं?

विश्रामबाग_वकील:
केसच्या भीतीनं ग्रुप बंद करू नका. नागपूर खंडपीठाचा २०२१ चा निकाल आहे, गोंदिया जिल्ह्यातलं प्रकरण होतं, व्हॉट्सॲप ग्रुपवर मेंबरनं एका बाईबद्दल घाण लिहिलं आणि ॲडमिनवर पण गुन्हा दाखल झालेला. कोर्टानं तो रद्द केला, मेंबरच्या पोस्टला ॲडमिन आपोआप जबाबदार होत नाही, आधीपासून संगनमत असल्याचं दिसलं पाहिजे. म्हणजे सगळं बघत बसा असं नाही, पण घाबरून कुलूप लावायची गरज नाही.

बायकोला मेसेज करणाऱ्यांना मात्र नीट सांगा. ती नको म्हणत असताना पुन्हा पुन्हा गाठलं तर भारतीय न्याय संहितेचं कलम ७८ आहे, पाठलागाचं, ऑनलाईन पण त्यात येतं. ‘आम्ही चांगल्या कारणासाठी करत होतो’ हे तिथं चालत नाही. आणि कुणालाही काढायच्या आधी सगळ्याचे स्क्रीनशॉट ठेवा, कुंडलीच्या पोस्ट मग डिलीट करा.

वखारभागातली:
तिघांना काढलं. ह्याला आणि मेसेजवाल्या दोघांना. बाकी कुंडली काढणाऱ्यांना आठवडाभर म्यूट केलंय, दोघं स्वतःहून निघून गेले जाताना मलाच ‘संस्कृतीरक्षक’ म्हणून. चुलत्यांशी पोराची आईच बोलणार आहे, आपण मधे पडू नका म्हणाली. प्रॉपचं शिकवायला आता कुणी नाही हे खरंय, कुणाला हीट गन नीट येत असेल तर सांगा.

कृष्णाकाठचा:
टेलिग्रामच्या सेटिंगमध्ये सेव्ह आणि फॉरवर्ड बंद करायचं ऑप्शन आहे, ते चालू कर आजच.

फोमवाली_मिरज:
कर, पण दुसऱ्या फोननं फोटो काढणाऱ्याला ते थांबवत नाही, हे पिन मेसेजमध्ये लिही. हीट गन मला येते, रविवारी मोकळी आहे.